किल्ली भावकीकडे

बांध कोरणारा माणूस सहसा परगावचा नसतो. भालकी तालुक्यातल्या कुठल्याही खेड्यात पारावर बसून विचारा. पहाणीवर ज्याचं नाव आपल्या नावाच्या खालीवर लागलेलं असतं, तोच दर पेरणीला एक तास आत घेतो. (पहाणी म्हणजे देवणी-उदगीरकडच्या लोकांचा सातबारा. सीमा ओलांडली की कागदाचं नाव बदलतं, भांडण तेच राहतं.) परक्याला हे जमत नाही. बांधावरचा दगड मुळात कुठं होता, आपण जेवायला किती वाजता घरी जातो, यातलं काही त्याला ठाऊक नसतं. आणि मुख्य म्हणजे तो शेतात शिरला की कुत्रं भुंकतं. भावकीतल्या माणसावर कुत्रं भुंकत नाही.

परजीवी म्हटलं की मात्र आपल्या डोळ्यांपुढे परकाच येतो. देवणी गाईच्या कासेजवळ चिकटलेली गोचीड, ज्वारीच्या मुळाला लागलेला टारफुला, कावळ्याच्या घरट्यात अंडं घालणारी कोकिळा. गोचीड आणि गाय यांचा समान पूर्वज शोधायचा तर पन्नास कोटींहून जास्त वर्षं मागे जावं लागेल. चातक सातभाईंच्या घरट्यात अंडं घालतो, पण सातांपैकी एकाचाही तो भाऊ लागत नाही. हे सगळे बाहेरून आलेले चोर. त्यांना कुलूप फोडायला शिकावं लागलं, आणि त्या शिकण्यात लाखो वर्षं गेली.

मुंग्यांच्या जगात वेगळंच दिसतं, हे इटलीतल्या कार्लो एमरी यांच्या लक्षात आलं. हा माणूस मुळात डॉक्टर, काही काळ डोळ्यांच्या आजारांकडे वळलेला. पुढे बोलोन्या विद्यापीठात प्राणिशास्त्राचा प्राध्यापक झाला आणि जगभरातून आलेल्या मुंग्या भिंगाखाली लावत बसला. काही मुंग्या स्वतः घर करत नाहीत, दुसऱ्या जातीच्या घरात राहतात आणि तिच्या कामकऱ्यांकडून आपली पिल्लं वाढवून घेतात, हे तोवर माहीत झालेलं होतं. एमरींनी 1909 साली मांडलं ते असं: या आयतोबा मुंग्या ज्यांच्या घरात राहतात त्यांच्याच जवळच्या नात्यातल्या असतात. आज याला एमरीचा नियम म्हणतात. मुंग्यांच्या 14,000 हून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि त्यांतल्या सुमारे 400 अशा दुसऱ्याच्या समाजावर जगणाऱ्या आहेत.

असं का व्हावं? मुंग्यांचं घर अंधारं असतं. तिथं चेहरा उपयोगाचा नाही, वास उपयोगाचा. प्रत्येक मुंगीच्या अंगावर मेणासारख्या तेलकट द्रव्यांचा एक पातळ लेप असतो आणि त्यात कुठलं द्रव्य किती, यावरून तिचं घर कळतं. दारावरची मुंगी मिशांनी येणाऱ्याला चाचपते. हिशेब जुळला तर आत, नाहीतर टांगा तुटतात. आता एखाद्या भुंग्याला हे दार उघडायचं असेल तर त्याला हा लेप नव्याने तयार करावा लागेल, मुंग्यांची अन्न मागायची खूण शिकावी लागेल, त्यांच्या अळ्या ज्या वासाने दाया बोलावतात तो वास कमवावा लागेल. काही भुंग्यांनी हे सगळं केलंही आहे. पण चुलत बहिणीकडे हा सगळा ऐवज वडिलोपार्जित असतो. लेपाची कृती तीच, भाषा तीच, बाळांचा वासही जवळपास तोच. तिला नवीन काही शिकायचं नाही. जे करत होती त्यातलं काही करायचं सोडायचं, एवढंच.

आपल्याकडची एक मुंगी या वाटेच्या पहिल्या पायरीवर उभी असलेली दिसते. डायाकामा तिचं शास्त्रीय नाव. मोठी, काळपट, अंगावर बारीक रेघा, रांग न करता एकेकटी शिकारीला फिरणारी. भारतातल्या काही डायाकामा बिळाच्या तोंडाशी पक्ष्यांची पिसं आणून लावतात आणि पहाटे त्या पिसांवर जमलेलं दव पितात. एकदा बांधावर उकिडवा बसून मी हे पाहत होतो तेव्हा मागून काकांनी विचारलं, ‘काय बघायलास रे?’ ‘मुंगी पाणी भरायलीय काका.’ काका काही न बोलता पुढे गेले. भरदुपारी रिकामं बसलेल्या पुतण्याबद्दल त्यांचं मत आधीच तयार होतं.

डायाकामा इंडिकम या जातीत वेगळ्या घडणीची राणी नसते. कामकऱ्यांतलीच एक मुंगी अंडी घालते. घर बदलायची वेळ आली की वाट माहीत असलेली मुंगी एका सोबतिणीला पाठीशी घेऊन नव्या घरापर्यंत पोचवते, परत येते, दुसरीला नेते. या धांदलीत कोश उघड्यावर पडतात. (मुंग्या तोंडात धरून नेतात त्या पांढऱ्या गोळ्यांना आपण सरसकट अंडी म्हणतो. खरं तर त्यात अळ्या आणि कोशच जास्त असतात.) कोलकात्याच्या ‘आयसर’मध्ये सुमना अन्नागिरी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी ही स्थलांतरं बारकाईने पाहिली. त्यांना आढळलं की नेमक्या याच वेळी त्याच जातीच्या दुसऱ्या घरातल्या मुंग्या येऊन कोश पळवतात. पळवलेले कोश खाऊन टाकले असते तर ती साधी शिकार झाली असती. पण त्यातून मुंगी बाहेर येते, चोरांच्याच घरचा वास अंगाला लावून घेते आणि तिथं इमानाने राबू लागते. तिला आपलं मूळ घर कुठलं हे कधी कळत नाही.

डार्विनला असं काही हवंच होतं. स्वित्झर्लंडच्या पिएर ह्यूबरने 1810 च्या पुस्तकात पॉलिएर्गस नावाच्या तांबड्या मुंगीची हकिगत लिहिली होती. ही मुंगी शेजारच्या फॉर्मिका मुंग्यांवर टोळीने धाड घालते, कोश उचलून आणते आणि त्यातून निघालेल्या मुंग्यांकडून घर चालवून घेते. तिचे जबडे विळ्यासारखे झालेले. मारायला उत्तम, घास उचलायला निकामी. ह्यूबरने अशा 30 मुंग्या त्यांच्या आवडीचं अन्न आणि त्यांचीच पिल्लं देऊन कोंडून ठेवल्या. अन्न समोर असताना त्यातल्या कितीतरी उपाशी मेल्या. मग त्याने एकच फॉर्मिका आत सोडली. तिने उरलेल्यांना भरवलं, पिल्लांकडे पाहिलं, मातीच्या खोल्या बांधायला घेतल्या. 1859 च्या ग्रंथात ही हकिगत सांगून डार्विनने अंदाज केला होता की सुरुवात खाण्यासाठी पळवलेल्या कोशांतून झाली असावी. काही खायचे राहून गेले, त्यातून मुंग्या निघाल्या आणि कामाला लागल्या. पॉलिएर्गस आणि फॉर्मिका या आपसात नातेवाईकच. परक्या जातीचा कोश आणून भागत नाही. त्यातून निघणारी मुंगी त्याच सवयींची आणि त्याच वासाला सरावणारी असावी लागते.

या वाटेचं दुसरं टोक आल्प्समध्ये, सास-फे या गावाजवळ सापडलं. हाइनरिश कुटर यांनी तिथली एक इवलीशी मुंगी 1950 साली नोंदली. तिच्यात कामकरी मुंग्या नाहीतच. फक्त राण्या आणि नर. ही राणी जेमतेम अडीच मिलिमीटरची. ती यजमानांच्या राणीच्या पाठीवर चढून बसते. (यजमान हा शब्द इथं जरा जास्तच सभ्य आहे, पण दुसरा नाही.) तिचं पोट खालून खोलगट, पायांची पकड घट्ट, बसायला सोयीचं. कातडी पातळ झालेली, मेंदू आखडलेला, नांगी दुबळी. अंडी मात्र सरासरी दर अर्ध्या मिनिटाला एक. कुटर यांनी तिला जे नाव दिलं त्याचा अर्थ ‘शेवटची मुंगी’ असा होतो. याच्यापुढे ऱ्हास व्हायला काही उरलं नाही, असंच त्यांना वाटलं असणार. पुढे डीएनएची तुलना झाली तेव्हा ही मुंगी यजमानांच्याच कुळात, टेट्रामोरियममध्ये, मधोमध बसलेली निघाली. 2015 मध्ये तिचं स्वतंत्र कुळनाव रद्द झालं. पहाणीवर तिचं नाव पुन्हा भावकीच्या खात्यात चढलं म्हणायचं.

आता खरी अडचण. भावकी होते ती वाटणी झाल्यावर. जीवशास्त्रातही वाटणी लागते. डोंगर, नदी, समुद्र मध्ये येतो, एका जातीचे दोन गट वेगळे पडतात, हजारो पिढ्यांनी परत भेटतात तेव्हा त्यांचा संकर होत नाही. मग त्यांतला एक दुसऱ्याच्या घरात घुसतो. ही सुरळीत गोष्ट झाली. पण वाटणी न होता, एकाच छपराखाली राहून, एक शाखा आयतोबा होऊ शकते का? अनेक अभ्यासकांना हे अशक्य वाटायचं. घरात वेगळ्या वृत्तीची एखादी राणी निपजली तरी तिचं रक्त इतरांच्या रक्तात पुन्हा मिसळणार, आणि फरक पुसला जाणार.

ब्राझीलमधल्या रिओ क्लारो इथं विद्यापीठाच्या आवारातच, निलगिरीच्या झाडांखाली, या वादात मोठी भर पडली. तिथं बुरशीची शेती करणाऱ्या मायकोसेप्युरस गोएल्डी या मुंगीच्या घरात तिच्याहून बारकी, तिच्यासारखीच एक मुंगी राहते. ती आली की यजमान राण्यांना पुढच्या पिढीच्या राण्या आणि नर होणं थांबतं, फक्त कामकरी जन्मतात. म्हणून तिचं नाव कॅस्ट्रेटर, खच्ची करणारी. क्रिस्टियन राबेलिंग आणि सहकाऱ्यांनी 2014 मध्ये दोघींच्या जनुकांचा हिशेब लावला. परजीवी शाखा यजमानांच्याच जातीतून फुटली होती, आणि तीही सुमारे 37,000 वर्षांपूर्वी. उत्क्रांतीच्या घड्याळात हे काल संध्याकाळी घडल्यासारखं आहे. मध्ये डोंगर नाही, समुद्र नाही. अशा बऱ्याच परजीवी मुंग्यांचं मीलन घराबाहेर उडून न होता घरातच होतं. आकार बारीक झाला, मीलनाची जागा बदलली की रक्ताची सरमिसळ आपोआप थांबते. चूल वेगळी झाली, घर तेच राहिलं.

सगळ्यात धक्कादायक पुरावा 2023 चा. ऊसेरिया बिरोई ही आशियातली मुंगी, आणि तिचं मूळ बांगलादेशाकडे असावं असं जनुकांवरून दिसतं. हिला राणीच नाही. प्रत्येक कामकरी नराशिवाय आपल्यासारखीच लेक जन्माला घालते. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात डॅनियल क्रोनॉअर यांच्या प्रयोगशाळेत या मुंग्या वर्षानुवर्षं वाढवल्या जात होत्या. त्यात अचानक काही पंखवाल्या निघाल्या, राणीसारख्या बांध्याच्या. आईच्या हुबेहूब प्रती असायला हव्यात अशा मुलींमध्ये, तेराव्या गुणसूत्राच्या एका पट्ट्यातल्या बदलामुळे हे झालं होतं. या पंखवाल्या सुमारे दुप्पट अंडी घालत आणि अन्न शोधायला कमी जात. बहिणींच्या घरात थोड्या संख्येने राहिल्या तर त्यांचं मस्त चालायचं.

म्हणजे आयतोबा व्हायला लाखो वर्षांची तालीम लागतेच असं नाही. आधी चोरी, मग सवय, मग ऱ्हास, अशी पायरीपायरीने चढणारी (की उतरणारी) गोष्ट आपण सांगत आलो, आणि ती काही मुंग्यांच्या बाबतीत खरी आहे. पण एका झटक्यात, एका पिढीत, राणीचं अंग आणि राणीचा आळस असलेली लेक कामकऱ्यांच्या घरात जन्मू शकते. मला स्वतःला ही दुसरी गोष्ट जास्त पटते, कारण पहिलीत उगीच कुणीतरी हळूहळू बिघडत गेल्यासारखं वाटतं, आणि आपण मुंग्यांना कीर्तन ऐकवायला लागतो.

मधमाश्यांमध्येही हेच. आपल्या बाभळीच्या फांदीवर तळहाताएवढं पोळं करणारी फुलोरी माशी बघा. पोळ्यातली राणी मेली आणि दुसरी तयार झाली नाही की ते पोळं संपल्यातच जमा. अशा निपुत्रिक पोळ्यात शेजारच्या पोळ्यांतल्या कामकरी माश्या येऊन मुक्काम ठोकतात आणि स्वतःची अंडी घालतात, हे थायलंडमधल्या अभ्यासात 2005 साली दिसलं. मरणाऱ्याच्या घरात वारस शिरतात तसंच. दक्षिण आफ्रिकेत प्रकरण फार पुढे गेलं. तिथल्या केप भागातल्या कामकरी माशीला नराशिवाय मादी पिल्लं होतात. 1990 मध्ये मधपाळांनी त्या पेट्या उत्तरेला नेल्या, आणि तिथल्या वेगळ्या वाणाच्या पोळ्यांत केपच्या माश्या शिरल्या. त्यांनी काम केलं नाही, फक्त अंडी घातली. पोळी पटापट बसत गेली. आज तिकडे हैदोस घालणाऱ्या त्या सगळ्या माश्या एकाच कामकरी माशीच्या प्रती आहेत. एका माशीने एवढं केलं.

नियम म्हटला तरी तो खडकावर कोरलेला नाही. जावा बेटावर पॉलीरॅकिस कुळातली एक मुंगी डायाकामाच्या बिळात राहते, आणि या दोघी मुंग्यांच्या दोन फार लांबच्या घराण्यांतल्या. युरोपातल्या कागदी पोळं करणाऱ्या पॉलिस्टिस गांधीलमाश्यांत तीन परजीवी जाती आहेत. त्या एकमेकींच्या सख्ख्या आणि यजमानांच्या चुलत निघाल्या. म्हणजे परजीवीपण त्यांच्या एका आजीकडून आलं, मग तिच्या लेकींनी आपापली घरं शोधली. एमरींचं म्हणणं सैल अर्थाने घेतलं तर हेही त्यात बसतं. सख्ख्याचा हट्ट धरला तर बसत नाही.

वनस्पतींत असलं भाऊबंदपण थोडं विरळ आणि थोडं दूरचं. आंब्यावर वाढणारं आपलं नेहमीचं बांडगूळ, त्याची चिकट बी पसरवणारा फुलटोच्या पक्षी, हे सगळ्यांना माहीत आहे. पण सह्याद्रीत या बांडगुळावरच वाढणारं आणखी एक बारकं बांडगूळ मिळतं, आणि दोघंही एकाच गणातली. त्याच गणात चंदनही येतं. चंदन दिसायला सोज्वळ, पण मुळांनी शेजारच्या झाडांतून पाणी-क्षार ओढतं. म्हणून चंदन लावणारे शेतकरी रोपाशेजारी तूर पेरतात. आमच्या तुरीने एवढ्या मोठ्या घराण्याला दूध पाजलंय याचं कौतुक कुणाला नाही. समुद्रातल्या लाल शेवाळांत मात्र एमरींचा नियम भरपूर लागू पडतो. तिथल्या जवळच्या नात्यातल्या परजीवींना शास्त्रज्ञांनी जे नाव दिलंय त्यात ‘अडेल्फोस’ हा ग्रीक शब्द आहे. अर्थ, भाऊ.

आता या सगळ्याच्या पलीकडची एक गोष्ट, जी भालकीच्या रस्त्यावरही दिसते.

गेल्या वर्षी आमच्या शेतावरच्या कुत्र्याच्या लघवीच्या जागी गाठ आली. लालभडक, फुलकोबीसारखी, हात लावला की रक्त. मी आणि काका त्याला पोत्यात गुंडाळून दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टर तरुण होते, बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठात शिकलेले. त्यांनी बघितल्याबरोबर सांगितलं, ‘टीव्हीटी आहे, काका. कुत्र्यापासून कुत्र्याला होतं.’

‘म्हणजे जंतू?’

‘जंतू नाही. ही गाठ म्हणजे दुसरं कुत्रंच आहे.’

काकांनी गाठीकडे पाहिलं, मग डॉक्टरांकडे. ‘कुणाचं?’

डॉक्टर हसले, पण प्रश्न बरोबर होता. ही गाठ आमच्या कुत्र्याच्या पेशींची नव्हती. 2006 साली वेगवेगळ्या खंडांतल्या कुत्र्यांच्या अशा गाठी तपासल्या तेव्हा त्यांची जनुकं एकमेकींशी जुळली, आणि ज्या कुत्र्यांच्या अंगावर त्या होत्या त्यांच्याशी जुळली नाहीत. पुढे 2019 मध्ये पाचशेहून अधिक गाठींचा अभ्यास झाला. त्यावरून असं दिसतं की 4,000 ते 8,500 वर्षांपूर्वी आशियातल्या एका कुत्र्याला कर्करोग झाला. ते कुत्रं मेलं. त्याच्या पेशी मात्र मीलनातून, चाटण्या-हुंगण्यातून दुसऱ्या कुत्र्यावर गेल्या आणि आजतागायत जाताहेत. नेहमीच्या कुत्र्याच्या पेशीत 78 गुणसूत्रं असतात, या पेशींत साठच्या आसपास. इतक्या काळात पेशींतले ऊर्जेचे कारखाने, मायटोकाँड्रिया, झिजतात. तर या गाठीने किमान पाच वेळा यजमान कुत्र्यांचे मायटोकाँड्रिया उचलून आपल्यात घातलेत. परजीवी आणि यजमान यांचं याहून जवळचं नातं काय असणार? एमरींच्या नियमाची परिसीमा म्हणजे ही. इथं परजीवी यजमानांच्या जातीतून निघाला एवढंच नाही, तो एका यजमानाचंच अंग आहे. टास्मानियात ‘डेव्हिल’ नावाच्या प्राण्यांत 1996 पासून दिसलेला तोंडाचा संसर्गजन्य कर्करोग हा याचाच दुसरा नमुना.

शरीरही दारावर बसलेल्या मुंगीसारखं पेशींना चाचपत असतं. प्रत्येक पेशीवर ओळखीच्या खुणा असतात. ही गाठ सुरुवातीला त्या खुणा जवळपास झाकून ठेवते. परकं दिसत नाही म्हणून शरीर तिच्यावर भुंकत नाही. काही महिन्यांनी खुणा परत उघड्या पडतात, आणि मग धडधाकट कुत्र्यांत ही गाठ कधीकधी आपणहून विरघळतेही. तोवर ती पुढच्या कुत्र्यावर गेलेली असते.

औषध आहे, आणि बहुतेक वेळा लागू पडतं. विनक्रिस्टीन. आठवड्याला एक सुई, शिरेतून. हे द्रव्य सदाफुलीतून मिळतं, तीच जी आमच्या अंगणात तुळशीच्या कट्ट्याला लागून उगवते आणि जिला कुणी पाणीही घालत नाही. काकांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी विचारलं, मग पाला वाटून लावला तर? डॉक्टरांनी ठामपणे नाही म्हटलं. विषारी आहे, आणि मात्रा चुकली तर कुत्रं जाईल.

पाचव्या सुईनंतर गाठ सुकून गळाली. कुत्रं परत बांधावर जाऊन बसायला लागलं. मृगाचा पाऊस पडून गेल्यावर पलीकडच्या वावरात चुलत्यांचा ट्रॅक्टर फिरत होता, नेहमीप्रमाणे जरा अलीकडून. कुत्र्याने मान वर करून पाहिलं, दोनदा शेपटी हलवली आणि पुन्हा पुढच्या पायांवर डोकं टेकून झोपलं.